‘इतर’ या रकान्यातील गावे

ज्यांनी पालघर कधी पाहिले नाही अशा वाचकांच्या घरीदेखील पालघर नित्य येऊन बसलेले असते, असे म्हटल्यास कित्येकांस अतिशयोक्ती वाटेल. परंतु सत्यनारायणाच्या चौरंगावर मांडलेली विड्याची पाने केळवे-माहीमच्या पानमळ्यांतली असण्याचा संभव बराच असतो. नैवेद्याच्या ताटातला चिकू घोलवडचा असतो. ज्वर आला म्हणजे जी गोळी आपण घेतो, तिच्यातले मूळ द्रव्य बोईसरच्या एखाद्या कारखान्यात तयार झालेले असू शकते. देवघरातल्या विजेच्या दिव्याचा काही अंश तारापूरचा. घराच्या भिंतीतली वीट ज्या हातांनी थापली ते हात वारल्याचे किंवा कातकऱ्याचे. आणि गृहिणीच्या बांगडीवरील वेलबुट्टी मुळात ज्या पोलादी ठोकळ्यावर कोरली गेली, तो ठोकळा चिंचणीकडच्या एखाद्या घराच्या ओटीवर घडलेला असावयाचा. मासे आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरी वर्ज्य आहेत, म्हणून पापलेटाचे नाव ह्या यादीत घेत नाही. पुढे मात्र ते घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

इतक्या वस्तू ज्या टापूतून येतात तेथली माणसे कोण, ती किती आहेत, आणि दिवसभर करतात तरी काय, हे पाहावे ह्या हेतूने गेल्या मार्गशीर्षात आम्ही पाच दिवस पालघर, बोईसर आणि तारापूर ह्या बाजूस हिंडलो. देवदर्शन किंवा हवापालट हा उद्देश नव्हता. तरी केळव्याच्या शीतलादेवीचे दर्शन ओघाने घडले, आणि हवाही पालटली; ती कशी पालटली, ते बोईसरच्या प्रकरणी सांगू.

मुंबईहून सुरतेस जाणारा लोहमार्ग १८६४ साली पुरा झाला. विरारपर्यंत ती मुंबईच असते. विरार मागे पडले की एकाएकी आकाश मोठे होते. मिठागरे, खाजणे, तिवरांची काळपट हिरवी झाडी, आणि मग वैतरणेचे रुंद पात्र. ह्या पात्रात वाढीव नावाचे बेट आहे. तेथील मंडळी वर्षानुवर्षे आगगाडीच्या पुलाच्या कडेने जीव मुठीत धरून स्टेशनावर जात-येत आली आहेत. ज्या मार्गावरून देशाच्या राजधानीकडे वेगवान गाड्या धावतात, त्याच मार्गाच्या कडेने पोरे पाठीवर दप्तर घेऊन चालत गेली, हे चित्र ह्या मुलखाची ओळख करून देण्यास पुरेसे आहे. पुढे सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू रोड अशी स्टेशने लागतात. २०१३ च्या एप्रिलपासून मुंबईच्या उपनगरी गाड्या थेट डहाणूपर्यंत जाऊ लागल्या, आणि तेव्हापासून हा सारा पट्टा मुंबईच्या अंगणात आला.

सकाळच्या प्रहरी पालघरच्या फलाटावर उभे राहिले तर एक मौज दिसते. एका बाजूने गाडी भरून जाते ती गावच्या शिकलेल्या मुलामुलींची. ती अंधेरीस, चर्चगेटास नोकरीला निघालेली असतात. दुसऱ्या बाजूने गाडी भरून येते ती विरार-नालासोपाऱ्याकडच्या माणसांची. ती बोईसरच्या कारखान्यांत कामास निघालेली असतात. गावचा मुलगा पोटासाठी पाऊणशे किलोमीटर दक्षिणेस जातो आणि दक्षिणेचा मनुष्य पोटासाठी त्याच गावी येतो. दोघांनी आपापली जागा बदलून घेतली असती तर रेल्वेचे काय नुकसान झाले असते कोण जाणे, असा विनोद आमच्या एका सहप्रवाशाने केला. तो स्वतः माहीमचा वाडवळ. घरी पानवेलींची बाग होती, आणि तो चालला होता मुंबईस एका विमा कचेरीत. बागेत काय मिळत नाही, असे विचारता तो म्हणाला, “मिळतं हो, पण वेलीला रजा नसते.”

आता थोडे आकडे. ते रुक्ष असतात हे खरे, परंतु ह्या लेखाचा सारा मुद्दा त्यांतच दडला आहे. पालघर जिल्हा ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. तो राज्यातला ३६ वा जिल्हा. २०११ च्या खानेसुमारीत ह्या आठ तालुक्यांची वस्ती सुमारे ३० लाख भरली. पैकी १३ लाखांवर माणसे एकट्या वसई तालुक्यात. जिल्ह्यात दर शंभर माणसांत ३७ आदिवासी. वसई वगळून पाहिले तर निम्म्याहून अधिक. समुद्राकाठी मांगेला, वैती, कोळी, भंडारी. त्याच्या आतल्या बागायती पट्ट्यात वाडवळ व पाचकळशी मंडळी. लोहमार्गाच्या पूर्वेस डोंगराकडे वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी. मोटारीने समुद्रापासून डोंगरापर्यंत जावयास एक तास पुरतो. एवढ्या अंतरात तीन वेगळी जगे एकमेकांस पाठ लावून नांदत आली.

खानेसुमारीत कामकऱ्यांचे चार रकाने असतात : शेतकरी, शेतमजूर, गृहउद्योग करणारे, आणि ‘इतर’. वर्षातून सहा महिने वा अधिक काम असलेला तो मुख्य कामकरी. त्याहून कमी काम असेल तर सीमांत. कागदावर ही वाटणी सोयीची दिसते. परंतु मासेमारी पहिल्या तीन रकान्यांत बसत नाही. सबब सातपाटीचा तांडेल ‘इतर’. तारापूरच्या अणुकेंद्रातला अभियंता ‘इतर’. बोईसरच्या रसायनाच्या कारखान्यात पिंपे उचलणारा बिहारी तरुण ‘इतर’. स्टेशनाबाहेर चहा विकणारा आणि शाळेतले गुरुजी हेही ‘इतर’च. चौथा रकाना हा एखाद्या जुन्या वाड्यातल्या अडगळीच्या खोलीसारखा आहे. तेथे काय काय आहे हे घरच्या माणसांसही नीट ठाऊक नसते. आम्ही जे हिंडलो ते ह्या खोलीत.

पालघर शहर तसे नवे. १८८२ च्या गॅझेटियरात ह्या तालुक्याचे नाव माहीम असे आहे. माहीम म्हणजे महिकावती. राजवाड्यांनी १९२४ साली जी ‘महिकावतीची बखर’ छापून प्रसिद्ध केली तिच्यातली हीच ती. पालघरास मोल आले ते स्टेशनामुळे. गावात हुतात्म्यांचे स्मारक आहे तेथे थोडा वेळ उभे राहावे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी येथे मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण पडले : सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, पालघरचे रामचंद्र भीमाशंकर तिवारी, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी आणि सालवडचे सुकुर गोविंद मोरे. पाच माणसे आणि पाच गावे. ह्या गावांची नावे आम्ही मुद्दाम दिली आहेत. सातपाटी आणि मुरबे मासेमारांची, आणि सालवड आज कारखान्यांच्या ऐन कुशीत आहे. पुढील वाट ह्याच गावांवरून जाते.

सातपाटीस आम्ही सूर्य उगवण्यापूर्वी पोहोचलो. बंदर म्हणावे तर ती एक खाडी आहे, आणि तीही गाळाने भरत चाललेली. भरती येईपर्यंत नावा बाहेर ताटकळत राहतात, आणि ताटकळलेल्या नावेतला बर्फ कोणासाठी थांबत नाही. येथला पापलेट प्रसिद्ध. २०२३ च्या सप्टेंबरात ह्या रुपेरी पापलेटास राज्यमाशाचा मान मिळाला. मान मिळाला तो मासा कमी होत चालल्यावर, ही गोष्ट गावातल्या म्हाताऱ्यांच्या नजरेतून सुटलेली नाही. त्याच सुमारास अगदी लहान मासे धरू नयेत म्हणून माशांच्या पुष्कळ जातींना किमान लांबीही ठरवून दिली गेली. बारीक आसाच्या जाळ्यात पिल्ले सापडतात. पिल्ले मेली की दोन वर्षांनी मोठा मासा कोठून यावयाचा, हे साधे गणित येथले कोणीही बोटांवर करून दाखवील. परंतु आज एकाने सोडलेले पिल्लू उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात जाते, म्हणून सोडावयास कोणी तयार नाही.

ह्या गावाचे भूषण म्हणजे तेथल्या सहकारी सोसायट्या. सावकाराच्या दारात उभे न राहता डिझेल, बर्फ, जाळे सोसायटीतून घ्यावे, मासा सोसायटीत घालावा, आणि वजनाच्या प्रतीप्रमाणे ठरलेला भाव पदरात पाडून घ्यावा, ही रीत येथे पिढ्यांची झाली. पुणे-मुंबईच्या सहकारी संस्थांतली भांडणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी एकदा सातपाटीस येऊन पापलेटाची प्रतवारी पाहावी. भांडण तेथेही असते, पण ते माशाच्या ताजेपणाच्या आत संपवावे लागते.

पण आमचे लक्ष वेधले ते बायकांनी. नाव समुद्रातून आली की पुरुषाचे काम संपते आणि स्त्रीचे सुरू होते. मासे निवडणे, पाट्या भरणे, लिलावास उभे राहणे, टेम्पोत वा गाडीच्या मालडब्यात पाटी घेऊन बाजार गाठणे, आणि जे विकले जात नाही ते सुकविणे. समुद्राकाठी बांबूंच्या वलांड्या उभ्या असतात. त्यांवर बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून ओळीने टांगतात. खाली जवळा पसरलेला. ऊन, वारा आणि पावसाचा एखादा चुकार ढग ह्यांच्यावर नजर ठेवून दिवस काढावयाचा. १ जून ते ३१ जुलै ह्या मासेमारीबंदीच्या काळात घर चालते ते ह्या सुक्या मासळीवर. घरातला पैसा जिच्या हातात ती बोलते कशी, हेही ऐकण्यासारखे असते. एका प्रौढ बाईंना आम्ही विचारले, “तुमच्या घरी कर्ते कोण?” त्यांनी आमच्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले आणि म्हणाल्या, “दर्यात तो, बाजारात मी. आता तुम्हीच ठरवा.” खानेसुमारीच्या कारकुनास असे उत्तर मिळाले तर तो बहुधा ‘घरकाम’ असे लिहून मोकळा होईल.

नावेवर मात्र सगळे गावचेच राहिलेले नाहीत. नाखवा गावचा, तांडेल गावचा. खलाशी पुष्कळदा पूर्वेच्या पाड्यांतले. आणखी नवल असे की, डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण गुजरातच्या नावांवर ओखा-पोरबंदरापर्यंत जातात. ज्यांच्या आज्याने समुद्र पाहिलाही नसेल असे हे तरुण. त्यांतले काही पाण्यावरची न दिसणारी सरहद्द ओलांडल्याबद्दल कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षे पडले. घरच्या माणसांस कराची कोठे आहे हे समजण्यापूर्वीच तिचे नाव पाठ झाले.

सातपाटीहून बोईसरकडे वळलो. वाटेत भाताची रिकामी खाचरे, मग एकाएकी नळ्या, धुराडी, कुंपणे. तारापूर औद्योगिक वसाहत म्हणतात ती मुळात बोईसर आणि आजूबाजूच्या गावांच्या जमिनीवर उभी आहे : सरावली, कोलवडे, कुंभवली, पाम, टेंभी, सालवड. कापड, पोलाद, रंग, औषधे, आणि नाव घेता जीभ अडखळते अशी रसायने येथे होतात. २०११ साली एकट्या बोईसरची वस्ती ३६,००० च्या वर मोजली गेली. मोजताना ते ‘नगर’ ठरले, तरी कारभार त्या वेळी ग्रामपंचायतीकडेच होता. म्हणजे दिवाबत्ती, कचरा, गटार आणि पाणी हे सारे, एके काळी गुरांचा कोंडवाडा सांभाळणाऱ्या संस्थेने पाहावयाचे. शेजारच्या सरावली-पास्थळात पाहावे तर ओळीने चाळी. एका खोलीत सहा-सहा, आठ-आठ तरुण. दिवसपाळीचे उठले की त्याच अंथरुणावर रातपाळीचे निजावयाचे. भोजपुरी, उडिया, हिंदी, गुजराती सारे एका नळावर ऐकू येते.

ह्या चाळींचे मालक बहुधा मूळ गावकरी. जमीन कारखान्यांस गेली, उरल्या तुकड्यावर खोल्या उठल्या, आणि शेतकरी घरमालक झाला. त्याची मुले कारखान्यात का जात नाहीत, असे आम्ही दोन-तीन घरी विचारले. उत्तरे निराळी, पण मथितार्थ एक. कायमची नोकरी मिळत नाही. ठेकेदाराकडून घेतात, आणि ठेकेदारास गावचा मनुष्य नको असतो. गावच्याला घरी जेवावयास जावे लागते, सणावारी रजा लागते, अपघात झाला तर त्याचे चुलते-मामे फाटकाशी येऊन उभे राहतात. परगावच्या मुलाचे कोणी येत नाही. स्फोटाच्या आणि वायुगळतीच्या बातम्या ह्या वसाहतीतून वरचेवर येतात. त्यांत मरणाऱ्यांची नावे वाचली तर हा हिशेब किती खरा आहे ते ध्यानी येईल. आम्हांस ह्या टापूत सर्वांत अधिक बोचली ती ही गोष्ट. सकाळी नाक्यावर, खांद्यास डबा लावून, ठेकेदाराच्या माणसाची वाट पाहत उभे असलेले दोन-अडीचशे तरुण पाहिले म्हणजे गावात माणसे वाढली म्हणजे काय वाढले, असा प्रश्न पडतो. ह्या मुलांना गावात नाव नाही. बाहेरगावी गेलेल्या गावच्या मुलांना तेथे नाव नाही.

हवेविषयी सांगावयाचे राहिले. संध्याकाळी येथे वाऱ्याला एक गोडसर, घशात बसणारा वास येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशभरातल्या औद्योगिक वसाहतींची प्रदूषणाच्या दृष्टीने पाहणी केली तीत तारापूरचा क्रमांक पहिला लागला. सांडपाणी नवापूर, दांडी, आलेवाडी, मुरबे ह्या बाजूच्या खाड्यांत आणि समुद्रात गेले. खाडीतल्या निवट्या-कोलंबीवर ज्यांचे पोट त्यांस ह्याचा पहिला फटका बसला. गाऱ्हाणे घेऊन सर्वांआधी कोण उठावे? अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्ये निकाल होऊन शंभराहून अधिक कारखान्यांवर भरपाईचा बोजा पडला. एका मासेमार समाजाच्या परिषदेने रसायनांचे अहवाल वाचून वकिलांस समजावून द्यावे, ही गोष्ट आमच्या शिकलेल्या मंडळींनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

बोईसरहून पश्चिमेस तारापूर. नाव कारखान्यांनी उचलले, पण गाव अजून आपल्या जागी आहे. पडका किल्ला, पारशांची जुनी घरे, खाडी, आणि पलीकडे चिंचणी. इतिहासाच्या नादी लागणाऱ्यांस सांगावयास नको की १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने हा किल्ला पोर्तुगिजांपासून घेतला, आणि त्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर कामास आले. वसई पुढे मे महिन्यात पडली. किल्ल्याच्या तटावरून आज अणुकेंद्राच्या बाजूस पाहता येते, आणि दोन्हींमध्ये दोनशे तीस वर्षे आहेत. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. पुढे २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच चालू झाले. ह्या दोन संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठविली गेली. नव्या वसाहतीत घरे मिळाली. पण मासेमाराचे घर समुद्रापासून दूर नेले की त्याचे घर राहते आणि धंदा जातो. पुनर्वसनाचा वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. भरपाई मोजावयाची ती भिंतीची, झाडाची आणि सात-बाराची. अंगणापासून लाटेपर्यंतच्या अंतराचा सात-बारा कोणाच्याच नावे नसतो.

चिंचणीस आम्ही एक दिवसाचे दोन दिवस राहिलो, ते डाय पाहण्यासाठी. चिंचणी, तारापूर, वरोर ह्या बाजूच्या घराघरांतून दागिन्यांचे डाय कोरण्याचा धंदा चालतो, हे मुंबई-पुण्याच्या सराफांस ठाऊक, गिऱ्हाइकांस नाही. ओटीवर खिडकीशी एक बैठे मेज, त्यावर पोलादाचा ठोकळा घट्ट बसविलेला, कारागिराच्या हातात बोटाएवढ्या छिन्न्या आणि हलकी हातोडी, डोळ्याशी भिंग. फूल, वेल, मोर, देवीचा मुखवटा, जे हवे ते उलटे आणि खोल कोरावयाचे, म्हणजे त्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबला की सुलटे आणि उठावाचे उमटते. एका डायवरून एकसारखे शेकडो दागिने निघतात, आणि पत्रा पातळ असल्यामुळे थोड्या सोन्यात मोठा दिसणारा दागिना होतो. सोन्याचे भाव चढले तसे ह्या कसबाचे महत्त्व वाढले. आम्ही पाहिला तो कारागीर मोराच्या पिसाऱ्यातला एकेक डोळा कोरीत होता. दोन दिवसांत अर्धा पिसारा झाला. बापापासून शिकला, शाळा दहावीपर्यंत. “सोनं किती पाहिलंत?” असे विचारता हसून म्हणाला, “आमच्याकडे पोलादच येतं, आणि पोलादच जातं.” हल्ली संगणकावर चालणारी यंत्रे आली आहेत, साधी नक्षी ती झटकन कोरतात. बारीक नजरेचे काम अजून हाताकडे आहे. खानेसुमारीच्या तिसऱ्या रकान्यात, म्हणजे गृहउद्योगात, नेटका बसणारा असा हा ह्या टापूतला जवळजवळ एकच मोठा धंदा म्हणावयाचा.

चौथ्या दिवशी लोहमार्ग ओलांडून पूर्वेस एका पाड्यावर गेलो. बोईसरच्या धुराड्यांपासून हा पाडा एसटीने फार तर तासाभराच्या वाटेवर. वीस-पंचवीस कुडाची घरे, शेणामातीने सारवलेल्या भिंती. एका भिंतीवर लग्नातला चौक पांढऱ्या रंगात अजून दिसत होता. तांदळाच्या पिठाने काढलेली हीच ती वारली चित्रे, जी आपल्या दिवाणखान्यांत चौकटीत बसून आली आहेत. घरांपैकी निम्म्यांस कुलूप. पाड्यावर म्हातारी माणसे, दोन बाळंतिणी आणि कोंबड्या. बाकीचे कोठे गेले? वीटभट्टीवर.

ह्या माणसांचे वर्ष असे असते. होळीनंतर झाडांच्या डहाळ्या आणि पालापाचोळा जाळून राब भाजावयाचा, मृगात त्यात भात पेरावयाचे, आषाढात आवणी, म्हणजे रोपे उपटून चिखलात लावावयाची, आश्विनात कापणी. भात घरात येते ते चार-पाच महिन्यांचे. दिवाळीस भट्टीमालकाचा माणूस येतो आणि घरटी बयाणा देतो. बयाणा म्हणजे आगाऊ रक्कम. सण साजरा होतो, आजारपण निघते, एखादे लग्न उरकते, आणि ती उचल फेडण्यासाठी नवरा-बायको पोरांसह वसई, भिवंडी, वाड्याकडे भट्टीवर जातात. चिखल तुडविणे, साचा मारणे, विटा वाहणे; मृगाच्या तोंडाशी परत. उचल फिटली नाही तर पुढील साल. भट्टीवरच्या पोरांसाठी विधायक संसदेने भोंगाशाळा चालविल्या, त्या पाहून ज्यांनी धडा घेतला असे सरकारी अधिकारीही आहेत. पण ज्या मुलाने सहा महिने गावच्या शाळेत आणि सहा महिने भट्टीवर काढावयाचे, त्याची पाटी कोठल्याच जागी पुरी भरत नाही.

ह्याच डहाणू-उंबरगावच्या बाजूस १९४५ साली वारल्यांनी वेठ नाकारली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्यास लग्नगडी म्हणत. ती चाल त्या लढ्याने मोडली. गोदावरी परुळेकर ह्या पुण्याच्या गोखल्यांच्या घरात वाढलेल्या, वकिलीची परीक्षा दिलेल्या बाई त्यांच्यात येऊन राहिल्या, आणि पुढे तो वृत्तांत त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात लिहिला. त्याच वर्षी ताराबाई मोडक ह्यांनी बोर्डीस बालशिक्षणाचे काम मांडले आणि अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. आमच्यासारख्याच घरांतल्या ह्या तिघी. लग्नगडी गेला, हे खरे. बयाणा हा त्याचा धाकटा भाऊ आहे की दूरचा नातलग, ह्यावर पाड्यातल्या एका वृद्धाशी आमचे बोलणे झाले. तो म्हणाला, तेव्हा मालक मारीत असे, आता मारीत नाही; तेव्हा पळून जाता येत नव्हते, आता येते, पण जावयाचे कोठे?

हा गृहस्थ कोणत्या रकान्यात? आषाढात तो शेतकरी, कारण वनहक्क कायद्याने मिळालेला एकरभर तुकडा त्याच्या नावावर आहे. श्रावणात दुसऱ्याच्या आवणीस जातो तेव्हा शेतमजूर. पौषात भट्टीवर तो ‘इतर’. शेतीचे महिने सहाहून कमी भरले तर शेतकरी म्हणून तो सीमांत ठरावयाचा. आणि मोजणीच्या वेळी भट्टीवर असला तर कोठल्या गावचा?

परतताना वरोरवरून आलो. ह्याच किनाऱ्यास, वाढवणच्या समोर, मोठे बंदर व्हावयाचे आहे. केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या ह्या कामास मान्यता दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात भर घालून १,४४८ हेक्टर जमीन करावयाची आहे. बंदराने लाखो रोजगार येतील असे सांगतात. येतील, बोईसरासही आले. आमचे म्हणणे एवढेच की, आधी जे रोजगार आहेत ते कोणी मोजले आहेत काय? नाव ज्याची नोंदलेली, त्याची मोजणी होईल. जमीन ज्याची, त्याची होईल. पण वलांडीवर बोंबील घालणारी, खडकांवर कालवे फोडणारी, पाटी डोक्यावर घेऊन वाणगावच्या बाजारात जाणारी, हिच्याजवळ ना नावेचा कागद ना जमिनीचा. ओटीवर डाय कोरणाऱ्याच्या घरापुढून मोठा रस्ता गेला तर त्याचे घर मोजतील, खिडकीतला उजेड मोजणार नाहीत.

वरोरच्या किनाऱ्यावर तीन बायका जवळा वाळवीत होत्या. त्यांपैकी वडील होत्या त्यांना आम्ही म्हटले, “आजी, एका नावेवर पोटे किती भरतात हो?” त्या बोटे मोजू लागल्या. नाखवा, तांडेल, चार खलाशी; जाळे विणणारा; बर्फवाला; इंजिन दुरुस्त करणारा पोरगा; टेम्पोवाला; सुकवावयास रोजाने येणाऱ्या पाड्यावरच्या दोघी; गावोगाव सुकी मासळी विकणारी त्यांची विधवा नणंद. तेरांवर येऊन त्यांनी विचारले, “मला धरलं का मी?” दुसरी म्हणाली, नाही धरलं. तेवढ्यात वारा फिरला, आणि तिघी जवळा पालटावयास गेल्या.